मालमोटारीतील पाणी जाते कोठे?

नाशिक जिल्ह्यात गुजरातच्या सीमेला लागून, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पसरलेल्या सुरगाणा तालुक्यात रेल्वे नाही. भात, नागली, वरई, आंबा आणि बोरगाव-घागबारी परिसरात होणारी स्ट्रॉबेरी हा सारा माल रस्त्यानेच बाहेर पडतो. त्यामुळे कर्ज काढून जुनी मालमोटार घेणे हा येथील तरुणांना खुला असलेला एक व्यवसाय होय. अशी गाडी पूर्वीच्या मालकाकडे चार-पाच लाख किलोमीटर चाललेली असते. नव्या मालकाची पहिली तक्रार बहुधा ठरलेली : रेडिएटरमधील पाणी कमी होते.

ह्या तक्रारीवर दोन उपाय सर्रास केले जातात व दोन्ही महागात पडतात. पहिला, घाटात थांबून ओहोळाचे पाणी ओतावे आणि पुढे जावे. दुसरा, गॅस्केट गेली असे गृहीत धरून इंजिन उघडावे. पहिल्या उपायाने एके दिवशी हेड वाकते. दुसऱ्याने, दोष एखाद्या सैल क्लिपमध्ये असताना, कर्जाचे दोन-तीन हप्ते खर्ची पडतात. पाणी कोठे जाते हे शोधून काढण्यास फारशी साधने लागत नाहीत. क्रम मात्र पाळावा लागतो.

इंजिनाभोवती खेळणारे पाणी बंद व दाबाखाली असते. हा दाब राखण्याचे काम रेडिएटरचे झाकण करते. समुद्रसपाटीपासून 900 मीटर उंचीवर उघडे पाणी सुमारे 97 अंश सेल्सिअसला उकळते. झाकण अर्धा बार दाब धरीत असेल तर हीच मर्यादा 110 अंशांच्या जवळपास जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर चढावर पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. म्हणून शोधाचा आरंभ ह्या स्वस्त वस्तूपासून करावा. इंजिन तापलेले असताना झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने चेहरा व हात भाजतात.

त्यापूर्वी मोजमाप हवे. पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी पाहून खूण करावी. किती किलोमीटरला, किती भाराने, किती लिटर पाणी घटले हे आठवडाभर वहीत लिहावे. घाटातच घट होते की उभ्या गाडीतही, एवढ्यावरून अर्धा उलगडा होतो. रात्री इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा पसरावा. पुढच्या बाजूचा डाग बहुधा रेडिएटरचा किंवा होज पाइपाचा असतो. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून ओघळ येत असेल तर आतील सील झिजले असे समजावे. गरम भागावर पडलेले थेंब लगेच वाळतात, पण रंगीत कुलंटचा चट्टा मागे राहतो. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचे गंजून पाझरतात; ती चिखलाखाली झाकलेली असल्याने नजरेतून सुटतात.

बाहेर काहीच आढळले नाही, तर झाकणाच्या जागी दाब देणारा हातपंप बसवावा. झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब देऊन पाव तास थांबावे. काटा खाली आला आणि बाहेर ओल नाही, तर पाणी आत जात आहे. अशा वेळी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑईलचे बूच सकाळी हलकेच सैल करावे. पाणी ऑईलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि आधी तेच बाहेर येते.

गॅस्केटची परीक्षा थंड इंजिनावरच खरी ठरते. इंजिन सुरू करताच, पाणी तापण्याआधीच वरचा होज पाइप टणक होऊ लागला आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे अखंड येत राहिले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत आहे. पाणी नव्याने भरल्यावर अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात, पण ते थोड्या वेळाने थांबतात. खात्रीसाठी ह्या वायूने रंग बदलणारे रसायन मिळते. सायलेन्सरच्या पांढऱ्या धुरावर मात्र विसंबू नये. सुरगाण्याच्या पावसाळी सकाळी निर्दोष इंजिनही वाफ सोडते. इंजिन पुरते तापल्यावरही धूर पांढराच राहिला तर शंका घ्यावी. त्यास डिझेलचा उग्र वास असेल तर दोष पाण्यात नसून इंजेक्टरमध्ये असू शकतो.

रेडिएटरमध्ये ऑईलचा तवंग दिसल्यास हेड उघडण्यापूर्वी ऑईल कूलर तपासावा. इंजिन चालू असता ऑईलचा दाब पाण्याहून अधिक असतो, म्हणून ऑईल पाण्यात जाते. बंद केल्यावर उलटे घडते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांच्या अनेक इंजिनांत धूर थंड करून पुन्हा आत सोडणारा कूलर असतो. तो आतून फुटला तर पाणी थेट धुराच्या वाटेने जाते आणि गॅस्केटवर नाहक आळ येतो.

लायनरचा दोष सर्वांत फसवा. इंजिन चालताना लायनर कंप पावतो, त्याच्या बाहेरील अंगास लागलेले सूक्ष्म बुडबुडे फुटून लोखंडास खड्डे पडतात आणि कालांतराने आरपार छिद्र होते. कुलंटमधील रसायने हे रोखतात. ओहोळाच्या पाण्यात ती नसतात. गाळ व क्षार मात्र असतात. येथे पाणी गोठत नाही, तेव्हा कुलंट कशाला, हा युक्तिवाद म्हणूनच चुकीचा आहे.

जुनी गाडी पाहावयास जाताना विक्रेत्यास इंजिन आधी सुरू करू नये असे सांगावे. नुकतेच धुतलेले इंजिन हे स्वच्छतेचेच लक्षण असते असे नाही. सपाट रस्त्यावरील दोन किलोमीटरच्या फेरीत काहीच कळत नाही. भार घालून चढावर नेणे आवश्यक आहे. गळती बुजविणारी पूड टाकलेली असल्यास रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी किटण आढळते. ती पूड अरुंद नळ्याही बुजविते.

दुरुस्तीनंतर पाणी सावकाश भरावे, इंजिन चालू ठेवून आतील हवा निघू द्यावी आणि थंड झाल्यावर पुन्हा खुणेपर्यंत भरावे. त्यानंतर आठवडाभर तीच वही, तीच पहाटेची वेळ आणि तीच खूण.