गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातील वळणे

गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा काळ १५१० पासून मोजला जातो. या साडेचारशे वर्षांत ती निर्वेध नांदली असे मात्र नव्हे. १७८७ मधील पिंटोंचा कट आणि सत्तरीच्या राण्यांनी एकोणिसाव्या शतकात पुनःपुन्हा उभारलेली बंडे हे तिला मिळालेले उघड आव्हान होते. तथापि या उठावांची झेप आपापल्या परिसरापुरती किंवा वर्गापुरती राहिली. संपूर्ण गोमंतकाच्या वतीने राजकीय मागणी करणारी संघटना १९२८ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी ‘गोवा काँग्रेस समिती’च्या रूपाने उभी केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, लिस्बनने ‘वसाहत कायदा’ जारी करून वसाहतींतील प्रजेचे दुय्यम स्थान कायद्यानेच पक्के केले. त्यामागे सालाझार होते. पुढील तीन दशके गोमंतकीयांना याच राज्यकर्त्याशी झुंजावयाचे होते.

पहिले खरे वळण एका सभेने आणले. १९४६ च्या जून महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळणे येथे डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे उतरले होते. दोघांची मैत्री बर्लिनमधील विद्यार्थिदशेपासूनची होती. त्या काळी गोव्यात सभा भरविण्यास परवानगी लागेच, परंतु लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील अभ्यवेक्षकाच्या नजरेखालून गेल्याविना छापता येत नसे. १८ जून रोजी मडगाव येथे बंदी मोडून सभा भरली. अधिकाऱ्याने पिस्तूल उगारले. लोहियांनी त्याचा हात शांतपणे बाजूला सारला. दोघांनाही अटक झाली, परंतु भर पावसात जमलेला समुदाय पांगला नाही. त्या दिवशी कोणतीही सवलत पदरात पडली नाही. भीती मात्र ओसरली, आणि हुकूमशाहीच्या राज्यात ही गोष्ट लहान नसते.

सरकारने दिलेले उत्तर कठोर होते. कुन्हा यांना लष्करी न्यायासनापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा देण्यात आली व पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात डांबण्यात आले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांचीही रवानगी पोर्तुगालला झाली. ब्रिटिशांविरुद्ध वापरलेले सत्याग्रहाचे शस्त्र येथे बोथट का ठरत होते, याचे कारण यातच आहे. ब्रिटनमध्ये विरोधी पक्ष होता, वृत्तपत्रे होती, सत्याग्रहींच्या यातना ऐकणारे लोकमत होते. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये खुद्द पोर्तुगीज नागरिकालाच तोंड उघडण्याची सोय नव्हती. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका भोजनसमारंभात गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे विधान ऐकून केवळ ‘मी निषेध करतो’ एवढे म्हटले. तेवढ्यावरून त्यांना अटक होऊन पोर्तुगालला नेण्यात आले. दरम्यान १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव दिले होते. जेथे वसाहतच नाही तेथे स्वातंत्र्याचा प्रश्न कसा उद्भवेल, असा हा युक्तिवाद होता. वाटाघाटींचे प्रयत्न निष्फळ झाल्यावर भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

दुसरे वळण गोव्यात नव्हे, तर दमणच्या पूर्वेस असलेल्या दादरा व नगर हवेलीत आले. सुमारे ४९० चौरस किलोमीटरचा हा मुलूख चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेला होता. २२ जुलै १९५४ रोजी दादरा, त्यामागून नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्यांत आझाद गोमंतक दलाचे सैनिक होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते होते, आणि संगीतकार सुधीर फडकेही होते. भारतीय सैन्याने तेथे पाऊल टाकले नाही. दमणहून पोर्तुगीज कुमक जाऊ दिली नाही, इतकेच. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली.

या खटल्याकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे त्यात बरेच आहे. पोर्तुगालचा दावा १७७९ च्या पुणे दरबाराशी झालेल्या तहावर आधारलेला होता. पेशव्यांनी दिलेल्या गावांचे सार्वभौमत्वच आपल्याकडे आले, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने तहाचा मराठी मजकूर तपासला आणि मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क, म्हणजे सरंजाम, असा निर्वाळा दिला. पुढे ब्रिटिशांनी व्यवहारात पोर्तुगीज सार्वभौमत्व मान्य केले होते, हेही न्यायालयाने नमूद केले. १२ एप्रिल १९६० च्या निकालानुसार खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता; हा शेवटचा मुद्दा आठ विरुद्ध सात अशा निसटत्या मताधिक्याने ठरला. भारताने १९५४ मध्ये आपली मर्यादा ओलांडली नाही, असेही ठरले. ‘वरिष्ठ पंचायती’च्या हाती असलेला हा प्रदेश ऑगस्ट १९६१ मध्ये भारतात विलीन झाला.

१९५५ च्या सत्याग्रहाने मात्र लढ्याला वेगळीच दिशा दिली. मे महिन्यात नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांनी सीमा ओलांडली. जुलैत मधू लिमये गेले. १५ ऑगस्ट रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवी येथे पंजाबच्या कर्नैल सिंग यांच्यासह अनेक जण धारातीर्थी पडले. भारत सरकारने यावर सामुदायिक सत्याग्रह थांबविला, सीमा बंद केली आणि आर्थिक नाकेबंदी लागू केली. हे धोरण कितपत शहाणपणाचे होते, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. नाकेबंदीचा चटका सालाझारपेक्षा सामान्य गोमंतकीय कुटुंबांनाच अधिक बसला. मुंबईतील मुलाने पाठवलेले पैसे घरी पोचेनात, भेटीगाठी दुरापास्त झाल्या. उलट त्याच वर्षांत डिचोली-सांग्याच्या डोंगरांतील लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीकडे वाहू लागल्याने सरकारची तिजोरी भरत गेली.

तिसरे वळण गोमंतकाबाहेर घडले. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्यासह सर्व पोर्तुगीज प्रदेश स्वशासनविहीन असल्याचे ठरावाने जाहीर केले आणि ‘सागरपार प्रांत’ या शब्दच्छलाचा आधार गेला. १९६१ च्या प्रारंभी अंगोलात उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर भरलेल्या चर्चासत्रात आफ्रिकी नेत्यांनी भारताच्या संयमाचा जाब विचारला; शांततेचा पुरस्कर्ता असलेल्या नेहरूंना या प्रश्नाची बोच लागणे स्वाभाविक होते. त्यातच नोव्हेंबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला आणि काही दिवसांनी एक मच्छीमार मारला गेला.

१८ डिसेंबर १९६१ रोजी मेजर जनरल कँडेथ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य गोव्यात शिरले. अखेरपर्यंत लढण्याची सालाझारची आज्ञा गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी पाळली नाही. १९ डिसेंबरच्या सायंकाळी त्यांनी शरणागती पत्करली. त्यामुळे सामान्य जनतेचा मोठा संहार टळला, परंतु त्यांना स्वतःला पुढे सैन्यातून बडतर्फ व्हावे लागले. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध आणलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने बारगळला.

आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे मात्र या दिवशीही पोर्तुगालमधील तुरुंगातच होते. १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले होते. त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव व दादरा-नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार, हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी केला. हे प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचे भाग झाले त्या त्या तारखांपासून ही मान्यता लागू करण्यात आली.