जुना प्रोग्राम, नवा कर्नल

चालू प्रोग्राम थांबवायचा असला की कळफलकावरील कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या वेळी आत काय घडते? कळा दाबल्याची बातमी प्रथम कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे जाते. युनिक्स घराण्यातील प्रणालींत कर्नल मग प्रोग्रामला २ क्रमांकाचा सिग्नल धाडतो. प्रोग्रामने काही सांगून ठेवले नसेल, तर तो तिथेच संपतो. परंतु ‘हा सिग्नल आला तर माझा अमुक भाग चालव’ अशी सूचना त्याने आधी दिली असेल, तर कर्नल तो भाग चालवतो. अर्धवट लिहिलेली फाईल नीट बंद करण्यास ही सोय फार उपयोगी पडते.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये यात एक खोच होती. सिग्नल एकदा पोचला की दिलेली सूचना पुसली जाई. म्हणून प्रोग्रामला त्या भागाच्या आरंभीच तीच सूचना पुन्हा द्यावी लागे. या दोहोंमध्ये निमिषाचा अगदी लहान अंश जातो. पण नेमका तेव्हाच दुसरा सिग्नल आला तर? प्रोग्राम संपे आणि फाईल अर्धवटच राही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी १९८३ साली ४.२ बीएसडी या आवृत्तीत हा दोष काढला. सूचना कायम राहू लागली, आणि एका सिग्नलचे काम चालू असता तोच पुन्हा आला तर त्याला दाराशीच थोपवले जाऊ लागले.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला! पण याच आवृत्तीत आणखी एक ‘सुधारणा’ होती. समजा, एखादा जुना प्रोग्राम ३० सेकंदांचा गजर लावून तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे. पूर्वी गजराचा सिग्नल आला की वाचन मोडत असे, आणि प्रोग्राम ‘कोणी उत्तर देत नाही’ असे समजून पुढे जाई. आता मोडलेले वाचन कर्नल आपणच पुन्हा सुरू करू लागला. बिचारा प्रोग्राम वाटच पाहत राहिला! पुढच्या ४.३ आवृत्तीत जुनी रीत परत मागण्याची सोय करावी लागली.

लिनक्सने निराळा मार्ग धरला. यंत्रभाषेतील प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो ते नावाने नव्हे, क्रमांकाने. इंटेलच्या ३२ बिटी यंत्रांवर सिग्नलची सूचना देण्याची जुनी मागणी ४८ क्रमांकाची आहे. तिच्यात सूचना एकदाच लागू होते, आणि ती आजही तशीच ठेवलेली आहे. नंतरची ६७ क्रमांकाची. १९९९ च्या २.२ आवृत्तीत सिग्नल ३२ वरून ६४ झाले, तेव्हा १७४ ही तिसरी आली. ६७ लाच का वाढवले नाही? प्रत्येक सिग्नलला एक बिट, म्हणजे ३२ सिग्नलांना ४ बाइट लागतात. जुन्या प्रोग्रामने स्मृतीत तेवढीच जागा राखलेली असते. कर्नलने तेथे ८ बाइट लिहिले, तर शेजारचे ४ बाइट नष्ट होतील. ते कदाचित हिशेबाचे आकडेही असतील!

दुसऱ्या प्रणालीचा प्रोग्राम चालवायचा तर गोष्ट आणखी अवघड. इंटेल यंत्रांवरील लिनक्समध्ये १० हा प्रोग्रामच्या खासगी वापराचा सिग्नल. फ्रीबीएसडीत मात्र १० म्हणजे स्मृतीच्या वापरातील चूक. म्हणून लिनक्सचे प्रोग्राम चालवताना फ्रीबीएसडीच्या कर्नलला दुभाष्यासारखे कोष्टक पाहून क्रमांक बदलावे लागतात.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर ‘किल’ ही आज्ञा देऊन तिच्यापुढे उणे चिन्ह आणि एल हे अक्षर टंकित करा. सर्व सिग्नलांची यादी दिसेल. यादीत बहुधा ३२ व ३३ हे क्रमांक आढळणार नाहीत. कर्नलला ते ठाऊक असतात. परंतु एकाच प्रोग्रामच्या अनेक शाखा एकदम चालवता याव्यात म्हणून प्रणालीबरोबर येणाऱ्या सी भाषेच्या आज्ञासंग्रहाने ते स्वतःसाठी राखून ठेवले आहेत.