दुकानाची काच : घासण्याआधी ओळखा

गिऱ्हाईक मालाआधी दुकानाची काच पाहते. चंद्रपुरात काचेवर कोळशाची व औष्णिक वीज केंद्राच्या राखेची धूळ बसते, तर गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ. त्यावर बोअरचे जड पाणी मारले की पांढरे डाग धरतात. माझ्या कापड दुकानात नोकराने असे डाग राखेने घासले आणि कोटिंगची महागडी काच बाद झाली. चूक त्याची नव्हती, मीच त्याला सांगितले नव्हते.

कठीणपणाच्या १० अंकी मापात काच साधारण ५.५, वाळूचा कण ७, खडू व खाण्याचा सोडा ३ च्या आतबाहेर. वीज केंद्राच्या राखेत वाळूच्या जातीचे कण असतात, म्हणून ओरखडे पडतात. सराफाची लाल पॉलिश पावडरही लोहाचा ऑक्साइडच असते, पण ती अतिशय बारीक केलेली. रस्त्यावरची लाल धूळ तशी नव्हे.

प्रथम कोटिंगची बाजू ओळखा. आरशासारख्या चमकणाऱ्या काचेला पेनाचे टोक लावा. टोक व प्रतिबिंब यांत फट दिसली तर कोटिंग पलीकडे आहे. दोन्ही चिकटलेली दिसली तर तुमच्याच बाजूला. कोटिंगवर कोणतीही पावडर लावू नये. साबणाचे पातळ पाणी व मऊ सुती कापड, एवढेच.

साध्या बाजूसाठी हा क्रम ठेवा :

१) आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या. कोरडे पुसू नका.

२) पांढऱ्या डागांवर पाणी मिसळलेला सिरका ५ मिनिटे ठेवून धुवा. आरशाच्या कडेला तो लागू देऊ नका. आत शिरला तर मागचा चांदीचा थर काळा पडतो.

३) उरलेल्या डागांवर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप हलक्या हाताने फिरवा.

४) बारीक ओरखड्यांसाठी सिरियम ऑक्साइड पावडर व नमद्याची गादी वापरतात. यात काचेचाच पातळ थर निघतो. जागा ओली ठेवा, तापली तर काच तडकते.

ओरखड्यात नख अडकले तर तो सहसा पॉलिशने जात नाही. कारागिराने हे काम घेण्याआधीच मालकाला स्पष्ट सांगावे. त्यात एका कामाची मजुरी जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.