हे चित्र कोणाचे?

शास्त्रपाठ : मार्क १२:१३-१७; मार्क ५:२१-४३; मत्तय ६:१-४

हा पाठ शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गासाठी व मंडळीतील अभ्यास-गटांसाठी आहे. विषय रोजचा आहे : फोटो. पवित्र शास्त्रात फोटोविषयी काय असणार, असे कोणी म्हणेल. फोटो नाहीत हे खरे. परंतु हातोहात फिरणारे एक चित्र आहे, आणि त्या चित्राविषयी प्रभूने स्वतः प्रश्न विचारलेला आहे.

कैसराला कर द्यावा की नाही, असे परूशी व हेरोदी यांनी त्याला विचारले. तेव्हा प्रभूने एक नाणे मागवून घेतले. ते रुप्याचे रोमी दिनार, म्हणजे मजुराच्या एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). ते बहुधा तिबिर्य कैसराचे असावे. अशा नाण्यावर एका बाजूस कैसराचा मुखवटा असे, आणि तो देवपदास पोहोचलेल्या औगुस्ताचा पुत्र आहे अशी भोवती लॅटिन अक्षरे. दुसऱ्या बाजूस मुख्य याजक ही पदवी. छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, तरी स्पेनपासून सूरियापर्यंत खेडोपाडी लोकांना सम्राटाचा चेहरा ठाऊक होता तो अशा नाण्यांमुळे. त्या काळी सर्वांत अधिक प्रती निघालेले आणि सर्वांत अधिक हातांतून गेलेले चित्र कोणते, असे विचारले तर नाण्यावरचा मुखवटा हेच उत्तर द्यावे लागेल.

आज तो मान सम्राटाकडे राहिलेला नाही. आज चित्र तुमचे आमचे निघते, आणि किती निघते ते पाहू.

सन १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर याची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उठे, त्याची दुसरी प्रत निघत नसे, आणि बसणाऱ्याला काही मिनिटे न हलता बसावे लागे. मग इंग्लंडात टॅलबट याने निगेटिव्हची रीत काढली व एका चित्राच्या पुष्कळ प्रती निघू लागल्या. १८८८ मध्ये अमेरिकेत ईस्टमन याचा कोडॅक कॅमेरा आला; त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेलाच असे. १९०० मध्ये ब्राउनी कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. तरीही रोल विकत घ्यावा लागे, धुवून आणावा लागे, प्रतीचे पैसे पडत. छत्तीस फोटोंचा रोल नाताळला घालून ईस्टरपर्यंत पुरवणारी घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत. मोजून काढायचे म्हणून कोणाचा काढायचा हेही ठरवूनच होई.

हा खर्चच पुढे नाहीसा झाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीच्याच एका इंजिनिअरने रोलशिवाय चालणारा कॅमेरा तयार केला. त्याला एक चित्र टेपवर उतरवायला २३ सेकंद लागत. २००० साली जपानात कॅमेरा असलेला फोन बाजारात आला. नंतर फोन खिशाखिशात गेला आणि फोटो काढणे व पाठवणे ही दोन्ही कामे एकाच अंगठ्याची झाली. २०१३ मध्ये फेसबुक कंपनीने सांगितले की आपल्याकडे २५,००० कोटी फोटो जमा झाले असून रोज ३५ कोटींची भर पडते. २०२० च्या नोव्हेंबरात गूगलने आपल्या फोटो साठवणाऱ्या सेवेचा आकडा दिला : चार लाख कोटींहून अधिक फोटो, आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नवे फोटो व व्हिडिओ. त्या वेळची जगाची लोकसंख्या धरली तर तान्ह्या बाळासकट दर माणशी आठवड्याला साडेतीनांहून थोडे अधिक, आणि तेही एकाच कंपनीकडे. ते चार लाख कोटी फोटो कोणी सेकंदाला एक याप्रमाणे, झोप न घेता पाहू लागला, तर त्याला सव्वा लाखाहून अधिक वर्षे लागतील. यांतील कित्येक फोटो काढणाऱ्यानेही पुन्हा पाहिले नसतील.

यात वाईट काय, असे विचारले तर आरंभी काहीच नाही असे उत्तर द्यावे. वडोदऱ्यातील आजीला हैदराबादेत जन्मलेल्या नातवाचे तोंड त्याच दिवशी दिसते, ही लहान गोष्ट नव्हे. फोटो म्हणजे मूर्ती असे म्हणून निर्गम २० मधील आज्ञा त्यावर लावणारेही भेटतात. परंतु ती आज्ञा पूजेविषयी आहे, आणि आजी फोटोची पूजा करीत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. फोटो काढणाऱ्याचा खर्च शून्यावर आला, परंतु ज्याचा फोटो निघतो त्याला पडणारी किंमत कमी झालेली नाही. आपण ज्या स्थितीत कोणाला दिसू नये असे त्याला वाटते, त्या स्थितीत तो शेकडो लोकांना दिसतो. एका मंडळीतील वृद्ध भगिनी दवाखान्यात होती. भेटीस गेलेल्यांनी प्रार्थना केली आणि प्रार्थना चालू असतानाच एकाने फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर घातला, खाली प्रार्थनेची विनंती लिहून. नाकात नळी, केस मोकळे, पदर सरकलेला. चाळीस वर्षे डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उपासनेस न आलेली ती बाई बरी होऊन घरी आली तेव्हा सुनेच्या फोनवर तिने तो पाहिला. ती कोणाला काही बोलली नाही. पुढे कित्येक रविवार ती शेवटच्या बाकावर बसत असे.

आता प्रभूच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. मूळ ग्रीक शुभवर्तमानात नाण्यावरील मुखवट्यासाठी जो शब्द आहे, तोच शब्द उत्पत्ती १:२६-२७ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मनुष्य ज्या प्रतिरूपाचा निर्माण झाला त्यासाठी योजलेला आहे. नाण्यावर कैसराचे रूप, म्हणून ते कैसराकडे जावे. मग देवाचे रूप कशावर आहे? प्रभूने हे उघड सांगितले नाही. पण ज्यांना उत्पत्तीचे पुस्तक पाठ होते त्यांना ते सांगावे लागत नव्हते. दवाखान्यातल्या खाटेवरचा चेहरा या हिशेबात मोडतो. तो ज्याने घडविला त्याचा आहे, आणि ज्याला दिला त्याच्या स्वाधीन आहे. जवळ उभा असलेल्या फोनवाल्याला तो खर्च करण्याचा अधिकार कोणी दिला?

प्रभू स्वतः दुःखणाइतांशी कसा वागला हे पाहण्यासाठी मार्क ५ उघडा. याईराच्या घरी गर्दी होती, रडारड होती. प्रभूने त्या सर्वांना बाहेर घालविले आणि आईबाप व तीन शिष्य एवढ्यांनाच आत नेले. मुलगी उठल्यावर हे कोणाला कळू देऊ नका अशी ताकीद दिली, आणि तिला खायला द्या म्हणून सांगितले. इतका मोठा चमत्कार, आणि प्रभूचे लक्ष बारा वर्षांच्या पोरीच्या भुकेकडे! मार्क ७:३३ मध्ये बहिऱ्या मनुष्याला त्याने गर्दीतून एकीकडे नेले. मार्क ८:२३ मध्ये आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेले. एकदा झाले असते तर योगायोग म्हटले असते. तीन वेळा झाले म्हणजे ती त्याची रीत आहे.

यावर वर्गात कोणीतरी हटकून विचारील, आणि विचारावेच : रक्तस्रावी स्त्रीला तर त्याने भर गर्दीत पुढे आणले ना? होय. पण ती कशी आली ते वाचा (५:३२-३४). त्याने बोट दाखवून तिला ओढून उभे केले नाही. त्याने सभोवार पाहिले आणि थांबला. ती आपण होऊन आली व आपली हकिकत आपल्या तोंडाने सांगितली. मग त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली. त्याच अध्यायाच्या आरंभी गरसेकरांच्या देशातील मनुष्याला त्याने घरी जाऊन सांगण्यास पाठविले. तेथेही सांगणारा तोच आहे, ज्याच्या बाबतीत ते घडले. साक्ष ज्याची त्याने द्यावी. दुसऱ्याने ती परस्पर काढून नेऊ नये.

मदतकार्यासाठी फोटो लागतात, त्याशिवाय पैसा येत नाही, हा आक्षेप आपल्या इतिहासाइतका जुना आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसे एकत्र बसवून त्यांचे फोटो काढले. त्यावर त्या काळीही टीका झाली. पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अशाच मुलांची चित्रे मिशनच्या पत्रकांतून परदेशी गेली आणि त्यांतून धान्य व पैसा आला. आपल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा आरंभ त्या अनाथाश्रमांतून आहे. तेव्हा ते फोटो नसते तर बरे झाले असते, असे आपण सहज म्हणू शकत नाही. पण त्यांपैकी बहुतेक मुलांची नावे चित्राखाली नसत, आणि त्यांना कोणी विचारलेही नसेल. तो काळ तसा होता असे म्हणावे, तर त्याच काळात निराळे वागणारेही होते. इंदूरला नोकरी करीत असता फोटोग्राफी शिकलेले दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तेथे फोटो काढण्याचे काम एका स्त्रीकडेच सोपविले. धंद्यासाठी का होईना, समोरच्या व्यक्तीची मर्यादा काय आहे याचा विचार त्यांनी आधी केला.

मंडळीच्या नाताळच्या कांबळेवाटपात हा विचार कोठे असतो? घेणारी बाई एका बाजूस, चौघे देणारे दुसऱ्या बाजूस, मध्ये कांबळे, मागे फलक; आणि फोटो नीट येईपर्यंत तिने कांबळ्याचे टोक धरून ठेवायचे. मत्तय ६ मध्ये दान देताना कर्णा वाजवू नये असे प्रभू सांगतो. हा कर्णा तर घेणाऱ्याच्या हाती देऊन वाजवून घेतलेला! देणगीदारांना हिशेब द्यावा, अवश्य द्यावा. पावती आहे, वही आहे, कांबळ्यांच्या गठ्ठ्याचा फोटो आहे. त्यासाठी गरजवंताचा चेहरा लागत नाही.

ज्या मंडळ्यांची वसतिगृहे व बालगृहे आहेत त्यांच्या पंचांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शब्बाथ शाळेच्या इतर मुलांना हे कलम लागू नसले तरी त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय स्नेहसंमेलनाचे फोटो बाहेर पाठवू नयेत. मुलालाही विचारावे; सहा वर्षांच्या मुलालाही आपले रडके तोंड लोकांना दाखवायचे नसते.

शिक्षकांसाठी : लहान वर्गात एक दहाची नोट फिरवा व हे चित्र कोणाचे ते विचारा, मग आरसा फिरवा आणि तोच प्रश्न विचारून उत्पत्ती १:२७ वाचून दाखवा. मोठ्या वर्गाने घरातील एका फोनमध्ये किती फोटो आहेत ते पाहून यावे, व जुना अल्बम असल्यास त्यातलेही मोजावेत. दोहोंतील किती माणसांची नावे सांगता येतात तेही लिहून आणावे. मग प्रत्येकाने फोनमधील दुसऱ्याचा एक असा फोटो निवडावा, जो त्याला न विचारता पुढे पाठविला गेला, आणि पुढच्या रविवारच्या आत त्या व्यक्तीकडे जाऊन विचारावे. ती नको म्हणाली तर फोटो तिच्यासमोर काढून टाकावा, व ज्या ग्रुपवर गेला असेल तेथेही तसे कळवावे.