ज्याचं नुकसान, त्याचा अर्ज

नांदेड

प्रिय बाळा,


तुझं पत्र परवा मिळालं. सनद घेतल्यावर नांदेडला न थांबता तू किनवटच्या कोर्टात बसायचं ठरवलंस, याचा तुझ्या आईपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. तू विचारलेला प्रश्न मोठा आहे, म्हणून फोनवर न उरकता लिहून कळवतो.

डोंगराकडच्या गावातली एक गोंड बाई तुझ्याकडे आली आहे. तिच्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात जमीन एका बिगर आदिवासी व्यापाऱ्याच्या नावे करून दिली. आज त्याचे नातू ती वाहतात. बाईला कचेरीची भीती वाटते, आणि गावातला एक कार्यकर्ता म्हणतो, ‘तिला कशाला त्रास? मी माझ्या नावानं केस टाकतो.’ त्याला तसा हक्क आहे का, असं तू विचारलंस.

नाही. माणूस भला असेल, तरीही नाही. कोर्टात कुणाचं बरोबर हे ठरण्याआधी विचारलं जातं की तुझं काय गेलं. वादपत्रात वादकारण दिसत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर सातच्या नियम अकराखाली ते पुराव्यापर्यंत न जाताच फेटाळलं जातं. मराठवाड्यातल्या एका नोकरदाराच्या जमातीच्या दाखल्यावरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. नोव्हेंबर 2012 मध्ये न्यायालयानं सांगितलं की ज्याच्या स्वतःच्या कायदेशीर हक्काला धक्का लागलेला नाही, अशा परक्या माणसाला दुसऱ्याच्या प्रकरणात पडता येत नाही. आपल्याकडे दाखल्यांच्या तक्रारी रोजच्याच, तेव्हा तो निकाल वाचून ठेव.

कार्यकर्ता तुला जनहित याचिकेचं उदाहरण देईल. ते उदाहरण खोटं नाही. एस. पी. गुप्ता खटल्यात 30 डिसेंबर 1981 रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी दार उघडलं: गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे ज्यांना कोर्टाची पायरी चढता येत नाही, त्यांच्यासाठी कोणीही प्रामाणिक माणूस दाद मागू शकतो. पत्रकार शीला बारसे यांनी 1982 मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्रानं कळवलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली. त्या बायका गजाआड होत्या, त्यांच्याकडून कोणीतरी बोलणं भागच होतं. तुझी बाई मात्र स्वतःच्या पायांनी तुझ्यापर्यंत आली आहे. तिच्या चार एकरांचा प्रश्न तिच्या नावानं मांडता येत असताना जनहिताचं दार ठोठावलं, तर ‘हिला काही नको आहे, बाहेरचेच उचापती करताहेत’ असं म्हणायला समोरच्याला आयतं कारण मिळेल.

आणि तिच्यासाठी तर वेगळा कायदाच आहे. अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याबाबतचा 1974 चा महाराष्ट्र अधिनियम नीट काढून वाच, तो तुझ्या तालुक्यात रोज लागणार आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत देण्याची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते. बहात्तर साल त्यात बसतं. चौकशी दोन वाटांनी सुरू होते. जमीन देणाऱ्या आदिवासीनं किंवा त्याच्या वारसानं अर्ज करावा, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांनी ती आपणहून हाती घ्यावी. अर्जाच्या मुदतीत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून आजचा मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय अर्जावर अंगठा घेऊ नकोस.

कार्यकर्त्याला जागा आहे ती याच दुसऱ्या वाटेत. माहिती देण्यासाठी कुणालाही हक्क सिद्ध करावा लागत नाही. गावात अशा किती जमिनी गेल्या, कोणत्या गटाच्या, कोणत्या साली, याची यादी त्यानं स्वतःच्या सहीनं जिल्हाधिकाऱ्यांना खुशाल द्यावी. मागणारी मात्र बाईच राहू दे. 

आता तुला कदाचित लागेल असं सांगतो. या प्रकरणात तुझं वकीलपत्र चालणार नाही. याच अधिनियमाच्या कलम 9-अ प्रमाणे जिल्हाधिकारी, आयुक्त आणि महसूल न्यायाधिकरण यांच्यासमोर कोणत्याच पक्षाला वकील देता येत नाही. एकीकडे पैसेवाला खरेदीदार आणि त्याचा तयारीचा वकील, दुसरीकडे सही न येणारा माणूस, ही लढत बरोबरीची होत नाही, म्हणून विधिमंडळानं वकिलांनाच बाहेर ठेवलं. लिंगप्पा पोचन्ना अपेलवार यांच्या खटल्यात हे कलम आणि सगळा कायदाच आव्हानाला सामोरा गेला. डिसेंबर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कायम ठेवले. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. आपला धंदा वकिलीचा असला, तरी जिथे आपल्या उभं राहण्यानंच गरिबाचा आवाज दबतो तिथे बाजूला व्हावं, हे मी मनापासून मानतो.

तेव्हा तुझं काम सुनावणीच्या आधीचं आहे, आणि ते कोर्टात बोलण्यापेक्षा कष्टाचं आहे. तलाठ्याकडून आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून बहात्तर-त्र्याहत्तरचा फेरफार आणि तेव्हापासूनचे सातबारे काढ. अशा जुन्या फेरफारात बहुधा एका ओळीत खरेदीची रक्कम, खाली निळसर पुसट अंगठा आणि ‘हरकत नाही’ असा शेरा असतो. तो कागद बाईला वाचून दाखव. अंगठा कुणाचा, तेव्हा घरात कोण कोण होतं, धान्य किती मिळालं, हे तिच्या तोंडून ऐक आणि तिच्याच शब्दांत लिही. तुझ्या शब्दांत लिहिलंस तर अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला की ती गडबडेल. दोन-तीनदा समोर बसवून विचार. मराठी अडली तर गोंडी जाणणारं माणूस सोबत ठेव.

वारसांचं पक्कं कर. भाऊ, बहिणी, मेलेल्या भावाची मुलं, सगळ्यांची नावं घे. एखादा भाऊ खरेदीदाराकडे सालगडी असेल आणि सही द्यायला तयार नसेल, तर त्याला सामनेवाल्यात दाखव, पण वगळू नकोस. ‘मुलीला आमच्यात हिस्सा नसतो’ असं कोणी म्हणेलच. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, हे खरं. पण जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाईला हिस्सा मिळण्याची रूढी सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून तिचा वाटा नाकारता येत नाही. तिला वगळणारी रूढीच सिद्ध झालेली नसताना तिला बाहेर ठेवणं म्हणजे समानतेच्या हक्काला बाधा. निकालाची प्रत जवळ ठेव.

एका गोष्टीला स्पष्ट नकार दे. कार्यकर्ता किंवा आणखी कोणी ‘मग कुलमुखत्यारपत्र करून देऊ’ म्हणेल. मुखत्यार मालकाच्या नावानंच वागतो, त्याला स्वतःचा हक्क मिळत नाही, हे पुस्तकात ठीक आहे. पण जमीन परत मिळण्याच्या आशेवर घेतलेला तो कागद पुढे तीच जमीन दुसऱ्याच्या हाती द्यायला वापरला जातो. ज्या घराची जमीन एकदा अंगठ्यावर गेली आहे, त्या घराकडून दुसरा अंगठा घेताना तुझा हात थांबला पाहिजे.

निकाल विरोधात गेला आणि उच्च न्यायालयात जावं लागलं, तर तिथे वकील चालतो. नांदेड जिल्हा औरंगाबाद खंडपीठाकडे येतो. ते 1981 मध्ये सुरू झालं, म्हणून मुंबईची वारी वाचली. बाईकडून फी घेऊ नकोस, आणि तिला कर्ज काढूही देऊ नकोस. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली स्त्री म्हणून आणि अनुसूचित जमातीची म्हणून, दोन्ही नात्यांनी, तिला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका विधी सेवा समितीचा अर्ज आत्ताच भरून ठेव.

कार्यकर्त्याला दुखवू नकोस. तारखेला बाईला गावातून घेऊन येणं, गाडीभाडं बघणं, कचेरीच्या व्हरांड्यात तिच्याजवळ बसणं, हे त्याच्याइतकं कोणाला जमणार नाही. त्याला तेच सांग.

फेरफाराची नक्कल मिळाली की मला पाठव. जमिनीचा जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर जुळतो का, ते मी इथे पाहून देतो.

तुझा,
मामा