कानातल्या सुया आणि पोटाचं दुखणं

प्रश्न : वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरला झालं. आता आम्ही अहेरीला परतलोय. पोट अजून दुखतं. कानात सुया टोचून घ्याव्यात का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण दुखण्याच्या गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. कानाच्या बिंदूंची आजची पद्धत फ्रान्सच्या डॉ. पॉल नोजिए यांनी 1950च्या दशकात मांडली. काही छोट्या अभ्यासांत ऑपरेशननंतरचं दुखणं थोडं कमी झालेलं दिसतं. पुरावा भक्कम म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी 2015चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी असलेल्याकडेच जा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. केमो सुरू असेल तर आधी रक्ततपासणी: प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना सुई नकोच. कानाच्या कूर्चेत पू झाला तर कान कायमचा वेडावाकडा होऊ शकतो.

आता गोळ्यांबद्दल. ‘सवय लागेल’ म्हणून दुखण्यासाठी दिलेली मॉर्फिनची गोळी अर्धी मोडून देणारी घरं पुष्कळ. तसं करू नका. तिने बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

आणि पोट फुगलं, वारा सरेना, उलट्या, ताप किंवा जखमेतून पू आला, तर सुयांचा नाद सोडा. त्याच दिवशी सर्जनला फोन करा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.