भांडाराची किल्ली हाती घेण्यापूर्वी

चि. मनू हिस,


तुला संग्रहालयात काम मिळाल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. ऑर्डर अकरा महिन्यांची आणि ठेकेदारामार्फत आहे, हे ऐकून मात्र मन खट्टू झालं. मी १९८४ साली लागलो तेव्हा पगार तुटपुंजा होता, पण जागा कायम होती. एकाच भांडारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्या पेटीत कुठलं वस्त्र आहे, हे नोंदवही न उघडता सांगता येई. आता पुण्याच्या सी-डॅकनं बनवलेल्या 'जतन'सारख्या प्रणालीत वस्तूचा फोटो, माप, नोंद क्रमांक सगळं सापडतं. ते हवंच होतं. पण झाकण उघडताच कसरीची चाहूल लागते ती वर्षानुवर्षं तिथं वावरणाऱ्याला. दर वर्षी माणसं बदलून हे कसब टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुला मुख्य सांगायचं ते वेगळंच. आमच्याकडे पेंढा भरलेले प्राणी होते. जुन्या काळी कातडं टिकावं म्हणून आतून सोमलाचा साबण चोळत. सोमल म्हणजे आर्सेनिक. ते उडून जात नाही. शंभर वर्षांनीही कानांच्या मुळाशी, डोळ्यांभोवती, शिवणींवर पांढरी भुकटी होऊन बाहेर येतं. ती धूळच समजून मी कोरड्या ब्रशनं झटकत असे. ना हातमोजे, ना तोंडावर काही. त्याच हातांनी डबा खाल्ला. माझ्याबरोबरच्या एका वयस्क मदतनिसाच्या तळहातांना कायम भेगा असत. कारण सोमलच होतं, असं मी म्हणणार नाही. पण आम्हाला कुणी सावध केलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. बुरशीवर थायमॉलची धुरी, कपाटांत डांबराच्या गोळ्या, फवाऱ्याला डीडीटी. त्या वासानं डोकं चढायचं आणि त्यालाच आम्ही कामाचा वास म्हणायचो.

पुढं लक्समापक आला. कागदावरच्या चित्राला ५० लक्सच्या वर उजेड नको, हे आम्ही काटेकोर पाळलं. त्याच दालनात पहारेकरी आठ तास उभा असे. त्याला स्टूल द्यावं हे कुणाला सुचलं नाही. पहिल्या दोन मुली रुजू झाल्या तेव्हा बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. त्या दिवसभर पाणी पीत नसत. आम्हा पुरुषांना हे दिसत होतं आणि आम्ही गप्प राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते. शेवटी त्या दोघींनीच लेखी अर्ज दिला, पोच घेतली, पाठपुरावा केला, तेव्हा कुठे खोली बांधली गेली.

म्हणून, मनू, मागायचं ते लेखी माग आणि पोच जपून ठेव. पीएफ कापला जातो तो खात्यात जमा होतो की नाही, दर महिन्याला बघ. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तिच्यात कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचार. ठेक्यावरच्या पोरीनं एवढं विचारू नये, असं कुणी म्हणेल. तरी विचार.

ताईकडे नायट्राइलच्या हातमोज्यांचा खोका आणि एन-९५ मास्क ठेवून आलो आहे. जुन्या प्राण्यांच्या कपाटाला त्यांच्याशिवाय हात लावू नकोस.

तुझा,
मामा